‘कम्प्लीट स्ट्रीट’ला मराठीत काय म्हणावं?

नवलखाकर: आमच्या इंदूरच्या मंडळाच्या अंकासाठी लेख लिहितेय आणि याच शब्दावर अडलेय. पायी चालणारे, सायकलवाले, बसची वाट बघणारे, व्हीलचेअरवाले, ठेलेवाले, गाडीवाले, सगळ्यांना जागा देऊन आखलेला रस्ता म्हणजे कम्प्लीट स्ट्रीट, अमेरिकेत 2003 साली निघालेला शब्द. ‘पूर्ण रस्ता’ म्हटलं तर काम पूर्ण झालं असं वाटतं, ‘परिपूर्ण मार्ग’ थेट अध्यात्मात जातो.

रामबागवाला: ताई, ‘सर्वसमावेशक रस्ता’ सरकारी कागदात चालेल पण घरी कोण बोलणार असं? मला ‘हमरस्ता’ आवडतो, सगळ्यांच्या येण्याजाण्याचा, कुणा एकाची वहिवाट नसलेला.

मालवी_आजोबा: शब्द चांगला, पण आज हमरस्ता म्हटलं की भरधाव गाड्यांचा एबी रोडच, म्हणजे आपला आग्रा-मुंबई रस्ताच, डोळ्यासमोर येतो. माझं म्हणणं, नाव नंतर ठरवा, आधी लेखात ‘वाहतूक’ कुठे आणि ‘वर्दळ’ कुठे ते बघा. वाहतूक म्हणजे वाहून नेणं, त्यात वाहन आलंच. वर्दळीत माणसं येतात. रस्त्याची मोजणी होते ती वाहतुकीची, कार म्हणजे 1 एकक, बस दोन-तीन कारइतकी धरतात मग आत पन्नास माणसं का असेनात, सायकल अर्धी किंवा त्याहून कमी, आणि पायी चालणारा त्या हिशोबात नाहीच. खरं तर 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात स्पष्ट आहे की वाहनं नाही, माणसं हलवायचीत. आपला बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेला रस्त्याचा पट्टा, तो घ्या, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साधारण साडेअकरा किलोमीटर, 2013 ला सुरू, 2025 मध्ये हायकोर्टाने काढायला परवानगी दिली. तेव्हा माझ्या ओळखीत सगळी चर्चा गाड्या कुठे अडकतात हीच, त्याच रस्त्यावरच्या पलासिया चौकात म्हातारं माणूस रस्ता ओलांडणार कसा हे कुणी काढलंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सुदामानगर_मीना: आजोबा अगदी बरोबर! आणि ‘फुटपाथ’ला ‘पदपथ’ नका करू ताई, फुटपाथच ठेवा, सगळ्यांना कळतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुटपाथ आहे पण मधोमध विजेची डीपी पेटी, पुढे दुकानाचा ओटला, मग एकदम गुडघ्याएवढी उतरण, आई तिथे माझा हात धरून खाली रस्त्यावरूनच चालते. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या 2012 च्या नियमावलीत फुटपाथची मोकळी रुंदी कमीत कमी 1.8 मीटर आणि उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर सांगितलीय, म्हणजे एक वीतसुद्धा नाही. हे आकडे लेखात नक्की घाला.

नवलखाकर: घालते. मथळा ‘सगळ्यांचा रस्ता’ ठेवते, साधा आहे आणि मोठ्याने वाचला तरी लगेच समजतो, आणि माणसांबद्दल असेल तिथे वाहतूक काढून वर्दळ करते. आता एकच राहिलं, रुंद रस्ता दोन टप्प्यांत ओलांडताना मध्ये उभं राहायला जागा करतात त्याला काय म्हणू? ‘थांबा’ म्हटलं तर बसचा वाटतो. ‘विसावा’?

रामबागवाला: विसाव्यात बसणं येतं, इथे तर मिनिटभर उभं राहायचं.

मालवी_आजोबा: ‘मधला ओटा’ लिहा. फक्त तो रस्त्याच्याच पातळीला ठेवायचा हे पुढे लिहा, नाहीतर ओटा म्हटल्यावर कुणी उंच बांधेल आणि व्हीलचेअर परत खालीच राहील.