वोर्रेइ, वोलेवो आणि पावशेर रवा

इटालियन भाषेतला 'वोर्रेइ' हा भविष्यकाळ आहे असं कुणीतरी लिहिलंय, तेवढं पटलं नाही. भविष्यकाळ 'वोर्रो', शेवटच्या ओवर आघात. 'वोर्रेइ' हा 'वोलेरे' म्हणजे हवं असणं या क्रियापदाचा संकेतार्थ. 'वोर्रेइ उन काफ्फे' म्हणजे 'एक कॉफी मिळाली तर बरं'. नुसतं 'वोल्यो', म्हणजे 'मला हवंय', म्हटलं की हट्ट केल्यासारखं वाटतं.

पण खरी गंमत 'वोलेवो'ची. हा चक्क अपूर्ण भूतकाळ, तरी काउंटरवर 'वोलेवो उन काफ्फे' सर्रास चालतं. आपण वाण्याकडे 'जरा पावशेर रवा हवा होता' म्हणतो ना, अगदी तसंच! त्यावर तिकडचा घासून गुळगुळीत झालेला विनोद: 'हवी होती? मग आता नको का?' आमचा वाणीही हेच विचारायचा.