गोदीच्या स्फोटात गेलेल्यांची बाग, की पोरांना खेळायला जागा?

माझगावची सून:
चाळीमागे उकिरडा होता तिथे आम्ही बायकांनी दोन वर्षं खपून बाग केलीय, तगर, सोनचाफा सगळं लागलंय. आता ती १४ एप्रिल १९४४ च्या गोदी स्फोटात गेलेल्या साध्या माणसांच्या, म्हणजे युद्धाच्याच बळींच्या नावाने ठेवायची म्हणतोय तर चाळीत दोन तट पडलेत. व्हिक्टोरिया डॉकमधे फोर्ट स्टिकीन बोटीवर १४०० टनांच्या आसपास दारूगोळा आणि त्याच्याच जोडीला कापसाच्या गासड्या, आग लागली आणि चारनंतर अर्ध्या तासात दोन स्फोट. ६६ फायरमन गेले, त्यांचं भायखळ्याला स्मारक आहे, असायलाच हवं. पण हमाल, चाळींतली बायकापोरं, त्यांचं काय?

रोखठोक:
ताई, मेहनतीबद्दल आदर आहे. पण युद्धाचे बळी कसे हे? बॉम्ब कुणी टाकला नव्हता, हलगर्जीपणा होता. आणि आमची पोरं आज ट्रकच्या मधे क्रिकेट खेळतात, तेवढी एकच मोकळी जागा आहे, तिला कुंपण घालणार तुम्ही?

गोदीवाल्याचा नातू:
हलगर्जीपणा होताच, पण एवढा दारूगोळा मुंबईत कशासाठी आला होता? युद्धासाठीच ना? बातमीसुद्धा युद्धाच्या नावाखाली दाबली, बाहेर पाठवायला मे उजाडला. माझे आजोबा गोदीत हमाल होते, सांगायचे की पेटता कापूस छपरांवर पडत होता आणि लोक नुसते धावत सुटलेले. त्यांच्याबरोबर पाठीवर ओझं वाहणारा एकजण परत आलाच नाही, त्याचं पूर्ण नाव आजोबांनाही माहीत नव्हतं, शेवटपर्यंत 'साताऱ्याचा' एवढंच म्हणायचे. अशांची नावं कुठल्या यादीत सापडणार?

डोंगरीची मुलगी:
बागेला माझा पाठिंबा आहे, फक्त मधोमध ते कापसाचं रोप लावलंय ते काढा प्लीज. त्याच कापसाने घरं जाळली, आमच्या पणजीने नंतर कापसाची गादी घरात येऊ दिली नाही.

माझगावची सून:
हे आमच्या डोक्यातच आलं नाही गं, काढते. बकुळ लावू. १४ तारखेला सकाळी बाबासाहेबांची जयंती असते, सगळे तिथे असतात, म्हणून दिवे संध्याकाळी चारनंतर लावायचे असं ठरवलंय.

रोखठोक:
दिवे लावा, मीपण येईन. माझा विरोध कुंपणाला आहे आणि तो राहणार. पाटी लावणार असाल तर तिच्यावर 'साताऱ्याचा' असं लिहा, नाव नसलं तरी.