अनुभव धागा: घराची कागदपत्रं, घराचा कायदा

लग्नकार्यात किंवा ऑफिसच्या चहाला घराचा विषय निघाला की दर आणि लोकेशन यावर तासभर गप्पा रंगतात. टायटल, कन्व्हेयन्स, हक्कसोड हे शब्द मात्र वकिलाची पायरी चढल्यावरच कानावर पडतात. म्हणून हा धागा. घर घेताना, विकताना, वारसाने मिळताना किंवा नुसतं सांभाळताना कायद्याशी गाठ कुठे पडली ते लिहा. बिल्डर, बँक, वकील यांची नावं नकोत. गाव आणि साधारण काळ जरूर सांगा, कारण मे २०१७ मध्ये महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आलं त्याआधीचे व्यवहार आणि नंतरचे व्यवहार यांत बराच फरक आहे. गोव्याचं तर सगळंच निराळं.

ठाणे

आमची इमारत नव्वदच्या दशकातली. सोसायटी नोंदलेली, मेंटेनन्स वेळेवर, गणपती जोरात. रिडेव्हलपमेंटचं वारं आलं आणि पहिल्याच विकासकाने विचारलं, "मिळकत पत्रिकेवर नाव कुणाचं?" शहरातल्या जमिनीचा हा सरकारी उतारा काढून बघितला तर मूळ जमीनमालकाचं! १९६३च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. आमच्या बिल्डरने तोवर दुकानच गुंडाळलं होतं.

मग उपाय डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरशिवाय सरकारी आदेशाने मालकी सोसायटीच्या नावे करून घेण्याचा. अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. बिल्डर फिरकला नाही तरी काम अडत नाही, अडतं ते आपल्याच घरात. प्रत्येक फ्लॅटचा इंडेक्स टू (करार नोंदल्याचा सरकारी उतारा), मंजूर नकाशा, आर्किटेक्टचा दाखला अशी फाइल जमवायला लागलो तेव्हा कळलं की तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा करार कधी नोंदलेलाच नाही. "तीस वर्षं राहतोय इथे, आणखी काय पुरावा हवा तुम्हाला?" असं ते मीटिंगमध्ये ऐकवायचे. बरोबरच होतं त्यांचं, फक्त फाइलला ते पटत नव्हतं. थकलेलं मुद्रांक शुल्क दंडासकट भरल्यावर तो कागद लागला.

सुनावणीला जमीनमालकाचे वारस हजर. "उरलेला एफएसआय आमचा", म्हणजे जमिनीवर आणखी बांधकाम करायचा हक्क आमचा, अशी हरकत. उपनिबंधकांनी मालकीच्या वादात हात घातला नाही. तो दिवाणी कोर्टात न्या म्हणाले आणि आदेश दिला. आदेश हातात पडला की कमिटीतले लोक पेढे आणायला धावतात. जरा थांबा. त्यानंतर किती शुल्क भरायचं ते ठरवून घ्यायचं, म्हणजे मुद्रांक शुल्काचं अ‍ॅडज्युडिकेशन, मग दुय्यम निबंधकांकडे नोंदणी, मग नगर भूमापन कार्यालयात फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद. सोसायटीचं नाव मिळकत पत्रिकेवर चढलं तेव्हा कुठे विकासक पुन्हा बोलायला बसला.

वाकड, पुणे

ठाणेकर काका, तुमच्यापेक्षा आम्ही सुखी म्हणायचं. आमचं रेरानंतरचं घर. बुकिंगला सेल्सवाल्याने किमतीच्या वीस टक्के मागितले. करार नंतर करू, ऑफर आजच संपतेय वगैरे. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. नवऱ्याने हे शांतपणे सांगितल्यावर ऑफर आपोआप महिनाभर वाढली.

दुसरं म्हणजे ताब्याची तारीख. ब्रोशरवर एक आणि महारेराच्या साइटवर त्याच्या बरीच पुढची. आम्ही ब्रोशरवरची तारीख करारात घालून घेतली, कारण उशीर झाला तर व्याज करारातल्या तारखेपासून मोजतात. राहायला गेल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल आली. बिल्डरकडून उत्तर, "गॅरंटी एक वर्षाची." कलम १४ मध्ये ताब्यापासून पाच वर्षांची जबाबदारी आहे आणि दोष कळवल्यापासून तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. ईमेलमध्ये कलमाचा आकडा घातला, फोटो जोडले. गवंडी आले.

मुलुंड

पार्किंगबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? रिसेलचा फ्लॅट बघताना मालक स्टिल्टमधल्या (इमारतीखालच्या खांबांमधल्या) पार्किंगचे वेगळे चार लाख मागत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय की मोफाखालच्या इमारतीत बिल्डरला स्टिल्ट पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही. बिल्डरलाच नाही तर यांना कुठून? सोसायटीचं वाटपपत्र दाखवा म्हटलं, ते नव्हतंच. त्याच सोसायटीने आमच्याकडे ट्रान्सफर फीशिवाय "ऐच्छिक देणगी" मागितली. ट्रान्सफरवर सोसायटी घेते त्या प्रीमियमची कमाल मर्यादा पंचवीस हजार, सरकारचं २००१ चं परिपत्रक आहे. त्याची प्रत सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली तेव्हा देणगी खरोखरच ऐच्छिक झाली.

वाई

आमचा अनुभव विकणाऱ्याच्या बाजूचा. घरासकट थोडी जमीन विकायची होती. सातबाऱ्यावर थोरल्या काकांचं नाव आणि त्यापुढे ए.कु.म्या. घेणारे पाहुणे "नाव एकाचंच आहे" म्हणून खूश. पण ए.कु.म्या. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं, हक्क सगळ्यांचा. त्यांच्या वकीलबाईंनी जुने फेरफार काढले आणि त्यांत माझ्या तिन्ही आत्या निघाल्या, ज्यांचं नाव वारस नोंदीनंतर कधीतरी "सोडलं" म्हणून कमी केलेलं. कागद काहीच नाही, नुसता तोंडी जबाब.

मोठी आत्या म्हणाली, "पैसा नको रे मला, पण विचारलं तरी असतंत." तिने आणि धाकटीने रीतसर हक्कसोडपत्र नोंदवून दिलं. मधलीने वाटा मागितला. तो तिचा होताच. काकांनी अबोला धरला, आजही फारसं बोलत नाहीत. मला विचाराल तर त्या वकीलबाईंचे उपकार मानायला हवेत, नाहीतर हेच भांडण घेणाऱ्याच्या पोरांनी कोर्टात लढवलं असतं. आणि हो, शेतजमीन असेल तर घेणाराही शेतकरी हवा. त्याचा दाखला आधी मागा, इसार नंतर.

डिचोली, गोवा

कोल्हापूर, बेळगावकडचे लोक आमच्याकडे घर घ्यायला येतात आणि घो एकटाच सही करायला बसलेला बघून आनंदाने इसार देतात. गोव्यात असं चालत नाही हां. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामायिक असते, वेगळा करार केला नसेल तर. विकताना नवरा-बायको दोघांची सही लागते. आमच्या शेजारच्या घराचा व्यवहार मालकीणबाई मस्कतला असल्याने तिच्या मुखत्यारपत्रासाठी लांबला. वारसाचं घर असेल तर इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) झाली आहे का ते बघा, तीत वारसांबरोबर त्यांचे नवरे-बायकाही येतात.

नाशिक

वडील गेल्यावर फ्लॅट सोसायटीने दादाच्या नावावर केला, कारण नॉमिनी तो. दादाला वाटलं विषय संपला. वहिनी तर पडदे बदलून मोकळी. नॉमिनीला सोसायटी सभासद म्हणून घेते ते वारसांच्या वतीने. मालकी ठरते मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. आईने त्याला एवढंच सांगितलं, "नाव तुझं असू दे, घर आपल्या तिघांचं आहे." पुढे तो विकायला निघाला तेव्हा खरेदीदाराच्या बँकेनेच आम्हा सगळ्यांच्या सह्या मागितल्या. भांडण झालं नाही हे नशीब. मृत्युपत्र असतं तर नशिबावर सोडावं लागलं नसतं.

न्यू जर्सी

ठाण्यातला फ्लॅट इथून विकला. खरेदीदार एक टक्का टीडीएस कापायला बसला होता. पन्नास लाख आणि वरच्या घरावरचा तो एक टक्का विकणारा भारतात निवासी असेल तेव्हाच. अनिवासी असेल तर कपात कितीतरी जास्त. आधी आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र काढलं, म्हणून पैसे अडकले नाहीत. भावाला दिलेलं मुखत्यारपत्र कॉन्सुलेटमध्ये साक्षांकित केलं. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं असतं. पाकीट फोडून कपाटात ठेवू नका असं भावाला फोन करकरून सांगितलं.

औंध, पुणे

माझा प्रश्न आहे. घेतोय त्या रिसेल फ्लॅटच्या सोसायटीची जमीन "भोगवटादार वर्ग २" निघाली. एजंट म्हणतो, काळजी करू नका, सगळे असंच घेतात. कुणाला अनुभव?

धागाकर्ती

दादा, इसार दिला नसेल तर थांबा. वर्ग २ म्हणजे सरकारने अटी घालून दिलेली जमीन. त्यावरच्या सोसायटीतला फ्लॅट घ्यायला सहसा जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, हस्तांतरण शुल्कही असतं. परवानगी विकणाऱ्याने काढायची, शुल्क कुणी भरायचं ते समजुतीच्या करारात लिहून घ्या. सोसायटीने जमीन वर्ग १, म्हणजे त्या अटींतून मोकळी, करायला अर्ज केलाय का, तेही सेक्रेटरींना विचारा. आणि मालकांचं कर्ज फिटलंय म्हणत असतील तर मूळ कागद डोळ्यांनी बघा. डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत देणं बँकांना बंधनकारक आहे, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला पाच हजार. त्यामुळे "बँकेकडेच अडकलेत" हे कारण जुनं झालंय.