विज्ञान समजावून सांगायला विद्यापीठाची पदवी हवी का?

मृगधारा

हवामानशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे. आता सायन्स कम्युनिकेशनच्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचं ठरवलंय. घरचे आणि विभागातले, दोघांचाही प्रश्न एकच: "शास्त्र शिकलीस ना, मग ते सांगायला वेगळं काय शिकायचं?" माझं म्हणणं मांडते. ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर लिहावं.

आमची शेती औसा तालुक्यात, कोरडवाहू. २०२५च्या एप्रिलमध्ये हवामान विभागाने अंदाज दिला होता: जून ते सप्टेंबर देशात सरासरीच्या १०५ टक्के पाऊस, त्यात पाच टक्के कमीजास्त. सरासरी म्हणजे ८७ सेंटीमीटर, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची. पत्रक शब्दन् शब्द बरोबर होतं. आमच्या ओसरीपर्यंत त्यातलं एवढंच पोचलं: यंदा पाऊस चांगला.

त्यात मे महिन्यातच जोरदार पाऊस झाला. २६ मे रोजी मॉन्सून मुंबईत पोचला. अण्णांनी वाफसा बघून सोयाबीन पेरलं. मग मॉन्सूनची वाटचाल दोनेक आठवडे थबकली, उगवलेल्या रोपांनी माना टाकल्या आणि दुबार पेरणी करावी लागली. बियाणं, खत, मजुरी, सगळं पुन्हा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हा सल्ला अण्णांना पाठ आहे. मेमधला पाऊस त्यात धरायचा की नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

१०५ टक्के हा आकडा अख्ख्या देशाचा आणि चार महिन्यांचा. औशात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काय होईल, ते त्यातून निघतच नाही. हे मला परीक्षेत लिहिता येतं, पण स्वतःच्या वडिलांना वेळेवर सांगायचं सुचलं नाही. तो आकडा ऐकून ते मनात काय धरतील, याचा विचार करायला मला कोणी शिकवलंच नव्हतं. ऐकणारा काय ऐकतो, हा अभ्यासाचा विषय आहे आणि विद्यापीठात त्याला जागा हवी.

गुरुजी_३१

तुमच्या घरचं नुकसान वाचून वाईट वाटलं. तरी मी विरोधात आहे. एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलंय, त्या अनुभवावरून बोलतो.

बाळशास्त्री जांभेकर गणिताचे प्राध्यापक. १८३२ मध्ये 'दर्पण' काढलं, तेव्हा ही पदवी कुठे होती? १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद उभी राहिली ती आपापले व्यवसाय सांभाळून वेळ देणाऱ्या माणसांवर. जयंत नारळीकर विश्वरचनाशास्त्रातले, मराठीत गोष्टी लिहीत, शाळकरी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देत. १९९६चा कलिंग पुरस्कार त्यांना विज्ञानप्रसारासाठी मिळाला. त्यांना सोपं सांगता आलं, कारण विषय तळापर्यंत कळला होता.

२१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितोय म्हणून रांगा लागल्या, तेव्हा मी मुलांना अंगणात बोलावलं. दगडाची लहान मूर्ती आणि हळद कालवलेलं दूध, एवढंच साहित्य. चमचा सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली उतरतं. पांढरं दूध ओल्या दगडावर दिसत नाही, पिवळा ओघळ मात्र सगळ्यांना दिसला. हे सुचायला पृष्ठताण कळावा लागतो. माझी भीती अशी की या नव्या पदवीतून धड शास्त्र नाही आणि धड मराठीही नाही अशी मुलं बाहेर पडतील.

धुक्यातली_वाट

गुरुजी, मी इंग्लंडमध्ये हा अभ्यासक्रम एक वर्ष केला. जायच्या आधी मीही तुमच्यासारखंच बोलायचे. माझं मत बदललं ते एका उदाहरणाने.

२६ एप्रिल १९८६ला चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाला. त्याचा ढग ब्रिटनवर आला आणि उत्तर इंग्लंडमधल्या कम्ब्रियाच्या डोंगरांवर पावसाबरोबर किरणोत्सर्गी सीझियम उतरलं. जूनमध्ये तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. तीन आठवड्यांत उठेल असं सांगितलं होतं. काही शेतांवरची बंदी उठायला २०१२ उजाडलं.

चूक कुठे झाली? चिकणमातीत सीझियम अडकून राहतं, गवतात फारसं येत नाही. शास्त्रज्ञांचा हिशेब तशा मातीवर बेतलेला होता. डोंगरावरच्या आम्लधर्मी पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) जमिनीत ते मोकळं राहतं आणि गवतातून पुन्हा पुन्हा मेंढीच्या पोटात जातं. पुढे सीझियम धरून ठेवणारी बेंटोनाइट नावाची चिकणमाती टाकून प्रयोग करायचा म्हणून मेंढ्या कुंपणात कोंडल्या. मोकळ्या चरणाऱ्या या मेंढ्या कोंडल्या की खंगतात, असं मेंढपाळ सांगत होते. कोणी ऐकलं नाही आणि शेवटी तो प्रयोग सोडून द्यावा लागला. लँकेस्टर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन तिथे जाऊन मेंढपाळांशी बोलले आणि त्यातून त्यांनी जे मांडलं, ते या विषयात आजही शिकवतात.

त्या शास्त्रज्ञांना शास्त्र तळापर्यंत येत होतं, गुरुजी. समोरच्यालाही काही येतं, हे त्यांनी धरलं नाही. लोक अडाणी आहेत, त्यांच्या डोक्यात माहिती ओतली की झालं, या समजुतीतून बाहेर यायला मला वर्ष लागलं. भाषणाचे धडे त्यात अगदी थोडे होते.

बांधावरून

मी कृषी सहायक आहे. ताई, तुमच्या अण्णांसारखे शेतकरी मला रोज भेटतात. मला काय सांगायचं ते कळतं, कसं सांगायचं तेही कळतं. माझ्याकडे गावं इतकी आहेत की पेरणीच्या दिवसांत एका गावाला धड अर्धा दिवसही मिळत नाही. वरून पंचनामे, पोर्टलवर माहिती भरणं वेगळंच.

पदवी घेऊन करणार काय? विज्ञानप्रसाराचंच काम करायला केंद्र सरकारने १९८९ मध्ये 'विज्ञान प्रसार' ही संस्था काढली होती, तीही २०२३ मध्ये बंद झाली. कर्ज काढून परदेशात शिकाल, इंग्रजीत शिकाल आणि नोकरी मिळेल एखाद्या कंपनीच्या जाहिरात खात्यात. औशाला त्याचा काय उपयोग? आधी तालुक्याला एक पद मागा, मग अभ्यासक्रमाचं बघू.

माळवद

माझा विरोध वेगळ्या कारणाने. आमचं गाव किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं झोपली होती, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मी आठ वर्षांचा होतो. सुमारे दहा हजार माणसं गेली. आमच्या घरातली दोन.

नंतर इटलीतल्या लाक्विला शहराबद्दल वाचलं आणि झोप उडाली. २००९च्या सुरुवातीला तिथे लहान लहान धक्के बसत होते, आमच्याकडे १९९२ मध्ये बसले तसेच. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक ठेवली. नागरी संरक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्याने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की धोका नाही, धक्क्यांतून ऊर्जा बाहेर पडतेय ते बरंच आहे. शास्त्रात याला आधार नाही. धक्का बसला की रात्र घराबाहेर काढायची ही तिथली जुनी रीत, पण त्या शब्दावर विसंबून कित्येक जण घरातच झोपले. ६ एप्रिलच्या पहाटे तीनशेहून जास्त माणसं गेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी, सगळ्यांना शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन कायम राहिली.

त्याचं बोलणं सोपं होतं, धीर देणारं होतं, सगळ्यांना कळलं होतं. विद्यापीठात असंच गोड बोलायला शिकवणार असाल तर मला ती माणसं माझ्या गावात नकोत.

मृगधारा

माळवद दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही.

तुम्ही लिहिलंत ते मला माझ्याच बाजूचं वाटतं. धीर द्यायचा म्हणून बोलणं आणि माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगणं, यातला फरक कुठेतरी शिकवलाच पाहिजे. १९९२ मध्ये किल्लारीत उभं राहून कुठल्याही शास्त्रज्ञाला मोठा धक्का कधी येईल ते सांगता आलं नसतं, आजही येत नाही. पण दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जाडजूड माळवद, हे हललं तर काय होईल ते सांगता येत होतं. एका वाक्यात "कधी ते माहीत नाही" आणि लगेच पुढच्या वाक्यात "पण हे छत पडेल", असं बोलायला सराव लागतो. आम्हाला विद्यापीठात अनिश्चितता फक्त आकड्यांत लिहायला शिकवली. अधिक-उणे पाच टक्के.

बांधावरून दादा, पदांचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. इंग्रजीचंही खरं आहे. म्हणूनच हा विषय इथे, मराठीत, कृषी विद्यापीठांत हवा असं मी म्हणते. पीटच्या जमिनीचं उदाहरण वाचायला ठीक आहे, पण अभ्यास काळ्या मातीचा व्हायला हवा.

धुक्यातली_वाट ताईंचं वाचून काल अण्णांना फोन केला. एप्रिलच्या अंदाजाचं जे पत्रक असतं ते तीन वाक्यांत लिहून वाचून दाखवलं: "पूर्ण देशात चार महिने मिळून पाऊस सरासरीइतका किंवा थोडा जास्त होईल. आपल्या तालुक्यात किती होईल ते यावरून कळत नाही. कोणत्या आठवड्यात खंड पडेल तेही नाही."

अण्णा म्हणाले, "मग दुसरं वाक्य पहिलं घे. पहिलं ऐकलं की माणूस पुढचं ऐकत नाही."

गुरुजी_३१

हे तुम्ही पदवीशिवाय केलंत, तेव्हा माझं मत बदललेलं नाही. ज्यांच्याकडून शिकलात तेही विद्यापीठात नाहीत.

पण कम्ब्रियाचं उदाहरण मला माहीत नव्हतं. मातीचा हिशेब बरोबर, पण माती दुसऱ्याच गावची, हे डोक्यातून जात नाहीये. पुढच्या एप्रिलमध्ये अंदाज आला की माझ्या वर्गातल्या मुलांना ते पत्रक देईन, तीन वाक्यांत लिहायला सांगेन आणि घरी वाचून दाखवायला सांगेन. घरच्यांनी काय ऐकलं ते दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहायचं. मार्क त्यावर.