मदत हवी आहे: थुंकीच्या कल्चर रिपोर्टच्या आधी व्हिसा इंटरव्ह्यू, तारीख बदलावी का?

आईचं (वय 64) अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी आयआर-5 (अमेरिकन नागरिकाच्या आईवडिलांसाठीच्या) व्हिसाचं मेडिकल मुंबईत झालं. लशी पूर्ण, टीबीच्या संसर्गासाठीची रक्ताची इग्रा चाचणी पॉझिटिव्ह, आणि एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात जुना व्रण. 1998 मध्ये टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झालाय. उपचाराचा कागद मिळत नाही, फक्त कडा पिवळ्या पडलेली तेव्हाची फिल्म आहे. ती पॅनेल डॉक्टरांना (व्हिसा मेडिकलसाठी नेमलेल्या) दाखवली. पण जुन्या फिल्मने थुंकीची तपासणी टळत नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया नको.

सलग तीन दिवस सकाळचे थुंकीचे नमुने दिले. तिन्ही स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) निगेटिव्ह. कल्चरला (जंतू वाढतात का ते पाहायला) मात्र 6 ते 8 आठवडे लागतात, आणि इंटरव्ह्यू तीन आठवड्यांवर. खोकला, ताप काही नाही. औषधं सुरू नाहीत. डीएस-260 (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) आणि बाकी कागद मंजूर आहेत.

मेडिकलची मुदत संपली की व्हिसाही संपतो, खरी काळजी तीच. तिकीट अजून काढलेलं नाही.

असंच कल्चर बाकी असताना मुंबईत कोणी इंटरव्ह्यू दिलाय का? 221(जी) (कागद अपुरे म्हणून व्हिसा तात्पुरता रोखल्याची नोटीस) घेऊन रिपोर्टची वाट पाहावी, की तारीखच पुढे घ्यावी? आणि तुमच्या मेडिकलची तीन महिन्यांची मुदत एक्स-रेपासून धरली, की कल्चर रिपोर्टपासून?