शेवटच्या हंगामात पैलवानाकडून किती मागायचं? (स्पेन्सर ली आणि हुकलेलं चौथं विजेतेपद)

मक्याच्या_गावचा (मूळ धागा)

मंडळी, गाव कोल्हापूर, लहानपण गंगावेस तालमीच्या आसपास. पोटापाण्यासाठी गेली नऊ वर्षं अमेरिकेत, आयोवा राज्यात. इथली माणसं मका आणि कुस्ती या दोन विषयांवर तासन्‌तास बोलतात, त्यामुळे परकं फारसं वाटलं नाही.

परवा ऑफिसातला एक सहकारी डबा खाता खाता म्हणाला, "स्पेन्सरनं चौथं आणायला हवं होतं." हा माणूस पन्नाशीचा, कुस्तीचा पक्का शौकीन. ज्याच्याबद्दल बोलत होता त्या पोरानं दरम्यान ऑलिंपिकचं रौप्यपदक आणलंय. तरी याच्या तोंडी अजून चौथंच. माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत कॉलेजच्या पैलवानाला साधारण चार हंगाम मिळतात. दर मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धा होते, दहा वजनगट, प्रत्येक गटात ३३ जण, तीन दिवसांत निकाल. स्पेन्सर ली आयोवा विद्यापीठाचा, १२५ पौंडांचा, म्हणजे आपला ५७ किलोचा गट. २०१८, २०१९ आणि २०२१ चा राष्ट्रीय विजेता. २०२० मध्ये एकही कुस्ती हरला नव्हता, पण कोविडमुळे स्पर्धाच रद्द झाली. २०२१ ची फायनल जिंकल्यावर त्यानं सांगितलं की दोन्ही गुडघ्यांतले एसीएल, म्हणजे सांधा धरून ठेवणारे मुख्य बंध, तुटलेले आहेत आणि तो तसाच खेळला. २०२२ च्या सुरुवातीला दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया. मग कोविडमुळे मिळालेल्या जादा हंगामाच्या सवलतीनं २०२२-२३, शेवटचा हंगाम.

तोवर चार वेळा राष्ट्रीय विजेते झालेले चारच होते: पॅट स्मिथ, केल सँडरसन, काइल डेक, लोगन स्टीबर. आयोवाकडे २४ सांघिक विजेतेपदं आहेत, पण चार वेळचा विजेता एकही नाही. आता कळलं असेल इथल्या लोकांचा जीव कशात अडकला होता.

त्या हिवाळ्यात मी कार्व्हर-हॉकआय अरीनात, म्हणजे आयोवा विद्यापीठाच्या स्टेडियमात, जायचो. स्पेन्सरनं समोरच्याला खाली घेतलं की मनगट त्याच्या हातात आणि समोरच्याची पाठ मॅटकडे, पुन्हा पुन्हा. सात मिनिटांची कुस्ती बरेचदा पहिल्या तीनातच संपायची. बघण्यासारखं कसब होतं. पण एकदा माझ्या पुढच्या रांगेत सात-आठ वर्षांचा पोरगा होता, काळी-पिवळी टोपी घातलेला. कुस्ती सुरू असताना तो मॅटकडे बघतच नव्हता. मागे वळून आम्हा सगळ्यांना चार बोटं दाखवत होता आणि आम्ही सगळे त्याला चार बोटं दाखवत होतो. मीसुद्धा.

१७ मार्च २०२३, टल्सा, सेमीफायनल. पर्ड्यू विद्यापीठाच्या मॅट रामोसनं स्पेन्सरला चितपट केलं, घड्याळात एक सेकंद उरला असताना.

माझं म्हणणं असं की ते ओझं आम्ही घातलं होतं. तीन विजेतेपदं ही आयुष्याची कमाई, आम्ही ती 'एक कमी' करून टाकली. शेवटचा हंगाम पैलवानाचा स्वतःचा असतो. चाहत्यांनी त्यात आकडा मागू नये.

तांबडी_माती

साफ असहमत. मी कराडचा. आमच्या शेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची गोष्ट तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो. तेही कॉलेजचेच पैलवान, राजाराम कॉलेजचे. १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. गावानं वर्गणी काढली. मग ते कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि तेही ५७ किलोतच.

खर्डेकर सरांनी "पोराच्या मनावर ओझं नको" असा विचार केला असता तर? घर गहाण टाकणं यापेक्षा मोठी अपेक्षा कुठली असते? पैलवान दुसऱ्याच्या आशेवरच वाढतो हो. सकाळी चारला उठून जोर काढायला स्वतःची एकट्याची हौस पुरत नाही. वस्ताद असतो, बाप म्हैस विकून खुराक पुरवतो, गाव जत्रेत शड्डू ऐकायला थांबलेलं असतं.

आणि स्पेन्सरला कुणी हात धरून परत आणलं नव्हतं. तीन विजेतेपदं खिशात असताना तो थेट फ्रीस्टाइलकडे, म्हणजे ऑलिंपिकच्या कुस्तीकडे, जाऊ शकला असता. चौथं त्याला स्वतःला हवं होतं. चाहत्यांनी फक्त ते मोठ्यानं म्हटलं.

फिजिओ_सांगली

माती, 'स्वतःला हवं होतं' हे इतकं सरळ नसतं. बारा वर्षं पैलवानांचे गुडघे हाताळतोय, त्यावरून लिहितो.

एसीएल नडगीला पुढं सरकण्यापासून आणि गुडघ्याला मुरगळण्यापासून अडवतो. पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडताना, पुढचा गुडघा मॅटवर आदळतो, त्याच क्षणी अंग वळतं आणि वर समोरच्याचं वजन येतं. बंध नसलेल्या गुडघ्याला यापेक्षा वाईट हालचाल मी सांगू शकत नाही. शस्त्रक्रियेनंतर नवा बंध हाडात रुजायला आणि मांडीला ताकद यायला नऊ महिने, वर्ष लागतं. इथं दोन्ही पाय होते.

माझ्याकडे एक पोरगा यायचा, एकोणीस वर्षांचा. गुडघ्यात पाणी धरलेलं. मी सहा आठवडे बंद सांगितलं. त्यानं मोबाइल काढून गावच्या चौकातला फ्लेक्स दाखवला. त्याचा लंगोटातला फोटो, खाली मैदानाची तारीख आणि सगळ्या मंडळांची नावं. म्हणाला, "डॉक्टर, हे आता उतरवायचं कसं?" वस्तादांना कळू नये म्हणून पट्टी बाहेर काढून ठेवायचा आणि आखाड्यात शिरायचा. मैदानात उतरला. कुस्ती जिंकला. त्यानंतर एकही खेळला नाही.

त्यालाही स्वतःलाच खेळायचं होतं. पण ते 'स्वतः' बनवण्यात फ्लेक्सचा वाटा किती?

आणि खाशाबांचं नाव काढलंत म्हणून, पुढच्या ऑलिंपिकआधी त्यांचीही वाट गुडघ्याच्या दुखापतीनंच अडवली.

जुना_शौकीन

दोघांचंही ऐकलं. मला वाटतं तुम्ही हरण्याला फार मोठं करताय.

आयोवाचाच दाखला घ्या. डॅन गेबल. वॉटर्लू गावचा, पण शिकायला आयोवा स्टेट या दुसऱ्या विद्यापीठात. शाळा-कॉलेज मिळून एकही कुस्ती हरलेला नव्हता. १९७० साली कॉलेजची शेवटची कुस्ती, राष्ट्रीय फायनल, समोर वॉशिंग्टनचा लॅरी ओविंग्ज. गेबल ११-१३ नं हरला. १८१ जिंकल्या, एक हरला, आणि ती एक शेवटचीच. चाहत्यांच्या अपेक्षा त्यालाही होत्या, यापेक्षा जास्तच असतील. पुढं काय झालं? १९७२ ला म्युनिकमध्ये एकही गुण न देता सुवर्ण. त्यानंतर आयोवाचा वस्ताद म्हणून १५ सांघिक विजेतेपदं.

शेवटच्या हंगामातली हार पैलवानाला मोडतेच असं नाही. आपणच तिथं अडकून बसतो.

मक्याच्या_गावचा

शौकीनसाहेब, गेबलची गोष्ट इथं लहान पोरांना पाठ असते. पण ती पुढं सुवर्ण आलं म्हणून सांगतात. ज्याचं पुढं काही आलं नाही त्याची शेवटची हार कोण सांगतं?

माती, खर्डेकर सरांनी घर दिलं होतं. त्यांना मागायचा हक्क होता. माझ्या सहकाऱ्यानं आणि मी काय दिलं? तिकिटाचे पैसे.

बे_एरियाकर

तिकिटाच्या पैशांना कमी लेखू नका. अमेरिकेत कित्येक कॉलेजांनी कुस्ती बंद केली आहे, कारण खर्च आहे आणि बघायला कुणी येत नाही. आयोवात ती टिकली कारण माणसं येतात. २०१५ साली ओक्लाहोमा स्टेटविरुद्धची लढत उघड्या फुटबॉल मैदानावर घेतली तेव्हा ४२,२८७ लोक बसले होते. नोव्हेंबरच्या थंडीत. कॉलेजच्या कुस्तीला!

माझ्या घराजवळचं उदाहरण देतो. स्टॅनफर्डनं २०२० च्या उन्हाळ्यात ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं, त्यात कुस्ती. येणारा हंगाम शेवटचा. पैलवानाचा नव्हे, अख्ख्या तालमीचा. २०२१ च्या मार्चमध्ये, म्हणजे स्पेन्सरनं तिसरं घेतलं त्याच स्पर्धेत, स्टॅनफर्डचा शेन ग्रिफिथ विद्यापीठाचं नाव नसलेला साधा काळा पोशाख घालून उतरला आणि १६५ पौंडांत राष्ट्रीय विजेता झाला. माजी पैलवान आणि चाहते वर्षभर पाठपुरावा करत होतेच. मे महिन्यात विद्यापीठानं निर्णय मागे घेतला.

तिथं चाहत्यांनी 'मुलांवर ताण नको' म्हणून गप्प बसायचं होतं का? मी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कुस्तीसाठी ईमेल लिहिले. मी ना पैलवान, ना पैलवानाचा मुलगा. मनापासून सांगतो, मला त्या पोरानं जिंकायलाच हवं होतं. तो हरला असता तर मला राग आला नसता, रडू आलं असतं.

तांबडी_माती

बे_एरियाकर, हात जोडून नमस्कार. हेच म्हणायचं होतं.

एडिसनची_आई

माझी मुलगी शाळेत कुस्ती खेळते, म्हणून भीत भीत लिहितेय. तुम्ही सगळे पैलवान आणि चाहते यांच्यातच बोलताय.

त्या सेमीफायनलनंतर कॅमेरा स्पेन्सरच्या आईवर गेला होता. तिनं डोळ्यावरचा चष्मा ओढून काढला आणि मोडून टाकला. ती क्लिप किती दिवस फिरत होती, लोक हसत होते. मला हसू नाही आलं. मुलीची कुस्ती सुरू असते तेव्हा मी पर्सचा पट्टा इतका आवळते की हाताला वळ उठतात. चाहत्याची आशा हंगामापुरती असते हो, आईची पोटातून येते आणि तिला ती दाखवायचीही चोरी.

दुसरं म्हणजे, इतक्या प्रतिसादांत मॅट रामोसचं नाव एकदाच आलंय, तेही स्पेन्सरला पाडणारा म्हणून. समोर तीन वेळचा विजेता, आणि हा पोरगा शेवटच्या सेकंदापर्यंत सोडत नाही! कोल्हापूरच्या खासबाग मैदानात अशी कुस्ती झाली असती तर लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन फिरवला असता, खिशात नोटा कोंबल्या असत्या.

आणि त्या वर्षी १२५ पौंडांत जिंकलं कोण? प्रिन्स्टनचा पॅट ग्लोरी, फायनलला रामोसला हरवून. त्याचाही शेवटचाच हंगाम होता. आदल्या वर्षी फायनल हरला होता. प्रिन्स्टनला त्याआधी राष्ट्रीय विजेता मिळाला होता १९५१ साली. त्यांची माणसं ७२ वर्षं आशा लावून बसली होती, त्यांचं कुणी नाव काढत नाही. धागाकर्त्यांना एवढंच सांगते, आशा सगळ्याच बाकांवर होती. तुम्हाला तुमचीच दिसली.

मक्याच्या_गावचा

ताई, हे वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. रामोसबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. ती कुस्ती मी पुन्हा लावून पाहिली, या वेळी फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवून. चितपटाची शिट्टी झाल्यावर तो उठतो ते बघा एकदा. ते मी तेव्हा पाहिलंच नव्हतं.

जुना_शौकीन

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट राहिली. २०२४ च्या मे महिन्यात इस्तंबूलला ऑलिंपिक पात्रतेची शेवटची संधी होती. ५७ किलोत तिथून स्पेन्सर पॅरिसला गेला आणि आपला अमन सेहरावतही तिथूनच गेला. पॅरिसला जपानच्या रेई हिगुचीनं सेमीफायनलला अमनला हरवलं आणि फायनलला स्पेन्सरला, ४-२. अमनला कांस्य मिळालं. खाशाबांच्या वेळीही हेलसिंकीत ५७ किलोचं सुवर्ण जपानलाच गेलं होतं, शोहाची इशीई. वजन तेच, ७२ वर्षं मधे.

अमन तेव्हा २१ वर्षांचा. आता त्याच्याकडून सगळे सुवर्ण मागणार. मीही मागणार, लपवत नाही.

मक्याच्या_गावचा

सोमवारी सहकाऱ्याला विचारलं, अजून चौथ्याचं दुःख का करतोस? तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, तो टल्साला गेला होता. मुलाला घेऊन, नऊ तास गाडी चालवत. सेमीफायनलनंतर फायनलची तिकिटं खिशात असूनही मुलगा हॉटेलच्या खोलीतून बाहेर यायला तयार नव्हता. येताना नऊ तास दोघं बोलले नाहीत. "चौथं म्हणजे माझ्यासाठी आकडा नव्हता," म्हणाला. "पोरगा कॉलेजला जायच्या आधी आम्ही दोघांनी मिळून बघायची ती शेवटची गोष्ट होती."

अशा माणसाला "मागू नकोस" हे माझ्या तोंडून निघालं नाही. मूळ धाग्यातलं शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं आज लिहिणार नाही.

फिजिओ_सांगली

नऊ तास गाडी चालवणाऱ्या बापाबद्दल आदरच आहे. तरी माझं मत बदललेलं नाही.

सेमीफायनल हरल्यावर दुसऱ्या दिवशी स्पेन्सरनं वैद्यकीय कारणानं माघार घेतली आणि सहावा आला. तेव्हा "तिसऱ्या क्रमांकासाठी तरी खेळायला हवं होतं" असं म्हणणारे चाहते मी स्वतः वाचलेत. दोन्ही गुडघे शिवलेल्या पोराला. माझ्या त्या पैलवानालाही गावात अजून विचारतात, पुन्हा मैदानात कधी उतरणार म्हणून. तो आता ट्रॅक्टर चालवतो, आणि क्लच दाबताना डावा पाय हातानं उचलून ठेवतो.