मदत हवी आहे: रशियन बाईंना निरोपाला कोणत्या रंगाचे गुलाब द्यावेत?

पुण्यात आम्ही अकराजण रशियन शिकतो. आमच्या बाई मूळच्या मॉस्कोच्या, साठीच्या आसपासच्या. शनिवारी त्या कायमच्या परत चालल्यात, त्यांना गुलाबांचा गुच्छ द्यायचाय.

लाल प्रेमाचा म्हणून पहिल्यालाच बाद. रोझ डेच्या तक्त्यात पिवळा म्हणजे मैत्री, त्यामुळे पिवळाच ठरत आला होता. पण रशियात पिवळी फुलं म्हणजे ताटातूट, असं कळलं. (निरोपच आहे ना, मग चालेल, असं एकजण म्हणाला. त्याला गप्प बसवलंय.) शिवाय तिकडे सम संख्येत फुलं फक्त अंत्यविधीला नेतात, आनंदाच्या प्रसंगी विषमच. आणि मार्केट यार्डात डच गुलाबाची गड्डी मिळते वीसची! म्हणजे एक काढून एकोणीस.

नेहमीच्या फुलवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "मॅडमना द्यायचेत ना? गुलाबी घ्या, वर चमकी मारून देतो." चमकी नको. गुलाबी कृतज्ञतेचा, पीच कौतुकाचा असं वाचलंय, पण ते सगळं इंग्रजी तक्त्यांतलं. बाईंनाच विचारायची सोय नाही, सगळं गुपचूप चाललंय. बजेट सातशे, कुंडी किंवा दुसरी भेटवस्तू नको, सामान आधीच भरून झालंय.

रशियात राहिलेल्या किंवा तिथल्या लोकांत वावरलेल्या कुणी सांगाल का: वयाने मोठ्या शिक्षिकेला पीच गुलाब चालतील, की त्यातली पिवळट झाक खटकेल? आणि गुच्छात जिप्सोफिलाच्या (भरीला घालतात त्या बारीक पांढऱ्या फुलांच्या) काड्या घातल्या तर त्याही मोजायच्या का?